पाव फेरा

३ फेब्रुवारी

चिंगे,

तुझा पत्ता आईकडून घेतला. तिने आधी तीनदा "कशाला?" विचारलं, मग दिला. फोन तू माझा उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद न वाचता फाडायचा म्हटलं तरी आधी हातात घ्यावा लागतो.

कामाचंच लिहितो आहे, घाबरू नकोस. सहा वर्षांपूर्वी ज्या परदेशी गिऱ्हाइकाने आपल्या बाराशे कात्र्या परत पाठवल्या, त्यांच्याकडून पुन्हा पत्र आलंय. म्हातारे वारले, आता त्यांची लेक दुकानं बघते. तिला शिवणकामाच्या आठ इंची कात्र्या हव्यात आणि त्या आपल्याच हव्यात. तू ऑर्डरच्या आधी पाठवलेले बारा नमुने म्हणे त्यांच्या शिवणशाळेत अजून कापतात. मध्यंतरी दुसऱ्या दोघांकडून माल घेतला, तो वर्षभरात बोथट झाला. पत्र तुझ्या वहिनीने शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून दाखवलं. दोन तास लागले, पण वाचलं.

इथलं सांगायचं तर बावीस माणसांची नऊ राहिली आहेत. शिंपी उरलेत कुठे? लोक तयार कपडे घेतात. बाबांच्या वेळी एक कात्री शिंप्याला जन्मभर पुरायची आणि तो ती मुलाला देऊन जायचा. आता स्वस्तातली घेतात, बोथट झाली की फेकतात. नानाचं धारेचं चाक दिवसातून दोन तास फिरतं, उरलेला वेळ तो ते पुसत बसतो. बाहेरचं काम मिळालं नाही तर पुढचा हिवाळा काही आपण बघत नाही. हे मी अजून कुणाला बोललेलो नाही, तुला पहिल्यांदा सांगतोय.

तू गेल्यापासून मी सगळ्यांना सांगत आलो की परदेशी धंदा आपल्या पिंडाचा नाही. अजूनही माझं मत तेच आहे. पण मत एकीकडे आणि नऊ घरं एकीकडे. तू आता बंदरावर माल पाठवणाऱ्या कचेरीत आहेस, तुला हे सगळं तोंडपाठ असणार. तिला उत्तर काय लिहायचं, नमुने कसे पाठवायचे, कागदपत्रं कोण करतं, एवढं कळव. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. म्हणून ती तुझ्याकडे मागतोय.

उत्तर कामापुरतं दिलंस तरी चालेल. जुनं उकरून काढायचं नाही, दोघांनीही.

दादा

१९ फेब्रुवारी

चिंगे,

"आदरणीय महोदय"! तुझं नाक पुसलंय मी, पाटीवर हात धरून अक्षरं गिरवून घेतलीत, आणि मी महोदय. टाइप केलेला एक कागद, नऊ मुद्दे, खाली सही. आई म्हणाली, "काय लिहिलंय तिने?" मी म्हणालो, तब्येत बरी आहे म्हणते. तसं त्यात काही नव्हतं, तेवढं पुढच्या वेळी घाल.

मुद्दे मात्र चोख आहेत. दुसऱ्या मुद्द्यावर मी नापास झालो. दोन दिवसांत उत्तर द्यावं असं तू लिहिलंस, आणि मी ते पत्र अकरा दिवस उशाशी घेऊन झोपलो होतो. मला वाटायचं, ज्याला गरज असते तो थांबतो. इथे कात्री हवी असेल तर शिंपी बाकावर तासभर बसतो, चहा पितो, बाबांच्या आठवणी काढतो. तिथे कुणी बाकावर बसत नाही, पुढच्या दुकानात जातात, हे तू लिहिल्यावर मी त्याच दुपारी उत्तर पाठवलं.

चौथा मुद्दा. "मालकाने नमुन्यात स्वतःच्या मताने कोणताही बदल करू नये." त्याखाली रेघ मारायची काय गरज होती? मला वाचता येतं.

त्यांची मागणी तीच आहे, जुनीच. कात्री उघडून एक पातं धरायचं आणि दुसरं सोडून द्यायचं. ते आपल्या वजनाने खाली यायला हवं आणि मिटायला एक तृतीयांश उरलं की थांबायला हवं. मला विचारशील तर ही सैल कात्री झाली. आपल्याकडे पातं जिथे सोडलं तिथेच राहिलं पाहिजे. बाबा म्हणायचे, कात्री सैल आणि जीभ सैल, दोन्ही घर बुडवतात. पण चौथा मुद्दा आहे, म्हणून सहा नमुने तसेच सैल केले. नानाने केले. मी त्या वेळी समोर कपाट आवरत होतो.

तुझ्या वहिनीला जुन्या फायलीत सहा वर्षांपूर्वीचा सूचनांचा कागद सापडला. बाजूला पेन्सिलीने तू केलेलं भाषांतर आहे. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला विचारलं, "वन्संनी तर बरोबर वाचलं होतं की. मग चुकलं कुठे?" मी म्हणालो, एवढी जुनी गोष्ट कुणाच्या लक्षात आहे. तिने कागद फायलीत परत ठेवला नाही. जेवणाच्या टेबलावर पडून आहे.

नमुने काल रवाना झाले. पेटी मी बंद केली नाही, नानाने केली.

दादा

११ मार्च

चिंगे,

नमुने पसंत पडले. बाराशेची ऑर्डर द्यायला ती लेक तयार आहे.

पण पत्रात आणखी एक परिच्छेद होता. वहिनीने तो दोनदा वाचला, मग शब्दकोश मिटून माझ्याकडे बघत बसली. तिने केलेलं भाषांतर तसंच्या तसं उतरवतो:

"माझे वडील एकदा फसले की त्या दारात पुन्हा जात नसत. पण तुमच्या बहिणीने त्या वेळी लिहिलेलं पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं. तिने लिहिलं होतं की, सूचना वाचण्यात चूक माझी झाली, कारागिरांना मीच चुकीचं सांगितलं, आमचे कारागीर सांगितलं तेच आणि तसंच करतात. त्या एका पत्रामुळे मी तुमच्याकडे परत आले. वाचण्यातली चूक सुधारता येते. सांगितलेलं मुद्दाम बदलणारा कारखाना मला नको."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तू असं पत्र पाठवलंस कधी? निघायच्या आधी की तिकडे गेल्यावर? आणि असं लिहिलंस तरी का, जेव्हा

दुपारपासून हे वाक्य पुरं करायचा प्रयत्न करतोय. जमत नाही. आजचं एवढंच पाठवतो.

दादा

१४ मार्च

चिंगे,

आता लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा धीर व्हायचा नाही, म्हणून खाडाखोड असेल.

तू चुकली नव्हतीस. सूचना तू बरोबर वाचल्यास, नानाने कात्र्या बरोबर बसवल्या, तपासणीवरच्या भिंगवालीने त्या बरोबर तपासल्या. पन्नास-पन्नासच्या चोवीस पेट्या भरून तयार होत्या. सोमवारी गाडी यायची होती. रविवारी कारखाना बंद. मी घरी सांगितलं की घाऊक व्यापाऱ्याकडे जातोय, आणि सकाळी सातला मागच्या दाराने कारखान्यात शिरून आतून कडी लावली.

आधी एकच पेटी उघडायची असं मनात होतं. एक कात्री काढली, पातं सोडलं, ते पडलं. तुला सांगतो, मला लाज वाटली. बाबांचा शिक्का मारलेली कात्री अशी खाली पडते, आणि ती समुद्रापलीकडे जाऊन कुणाच्या तरी हातात पडणार, ते हसणार. म्हातारे गिऱ्हाईक काय जाणे, त्याने आयुष्यात एक पातं घडवलं नाही, सूचना लिहिताना चुकला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पेचकस घेतला आणि स्क्रूला पाव फेरा दिला. पातं थांबलं. मग दुसरी. अंधार पडायच्या आत बाराशे झाल्या. प्रत्येक कात्री कागदातून काढली, पाव फेरा दिला, कागदात गुंडाळली. तळहाताला फोड आले ते तुझ्या वहिनीला सायकलचा पाना फिरवताना आले म्हणून सांगितलं.

दोन महिन्यांनी माल परत आला तेव्हा सगळ्यांसमोर मी तुला म्हणालो, "चार बुकं शिकलीस, पण एक कागद धड वाचता आला नाही." हे मी म्हणालो. मला शब्द न शब्द आठवतो. तू काही बोलली नाहीस, मला वाटलं तुला पटलं.

मग त्याच कात्र्या मी इथल्या शिंप्यांना विकल्या. त्यांनी आनंदाने घेतल्या, आणि मी नानाला म्हणालो, "बघ, माल खराब नव्हता." विकण्याआधी एक काम मात्र मी एकट्याने बसून केलं. स्क्रू हलला तर कळावा म्हणून आपण स्क्रू आणि पातं मिळून लाल रंगाचा एक ठिपका देतो ना, तो पाव फेऱ्यात दुभंगला होता. बाराशे ठिपके खरवडून मी पुन्हा दिले. चूक झाली असती तर एवढी मेहनत कुणी घेत नाही. मला तेव्हाही ठाऊक होतं मी काय केलंय.

आणि बाबांच्या नावाची लाज हे निम्मंच कारण. उरलेलं निम्मं मी आजवर स्वतःशीही बोललो नाही. ती ऑर्डर तू आणलीस. पत्रं तू लिहिलीस, सूचना तू समजावल्यास, नानासुद्धा काही अडलं की तुझ्या टेबलाशी जायचा. बाराशे कात्र्या तयार झाल्या आणि त्यातल्या एकीलाही माझा हात लागावा लागला नाही. त्या रविवारी मी प्रत्येकीला हात लावला.

मी चुकलो, चिंगे. माफ कर असं लिहीत नाही, ते तुझ्यावर ओझं टाकल्यासारखं होईल.

दादा

२ एप्रिल

चिंगे,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. तरी इथे काय झालं ते कळवायला हवं.

आईला त्याच दिवशी सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तेवढ्या पुऱ्या केल्या आणि आत गेली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. वाढायची, पण बोलायची नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "पाकिटावर पत्ता नीट लिहिलास ना? तुझे आकडे कुणाला लागत नाहीत." तुझ्या वहिनीने टेबलावरचा तो कागद उचलून फायलीत ठेवला. तिची तेवढीच शिक्षा होती बहुतेक, पण तीच जास्त लागली.

मग कारखान्यात सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर. तुलाही सगळ्यांसमोरच बोललो होतो. नाना खाली मान घालून ऐकत होता. भिंगवालीने हातातला डबा खाली ठेवला. तुला आठवतं, तिला तपासणी तूच शिकवलीस, भिंगही तूच घेऊन दिलंस. माल परत आल्यावर मी तिला तपासणीवरून काढून पेट्या भरायला बसवलं होतं. ती म्हणाली, "मालक, त्या मालावर सही माझी होती. माझीच नजर गेली असं वाटून मी डोळे तपासून आले होते. डॉक्टर म्हणाले, काही नाही, तरी मला खरं वाटलं नाही." मी एकट्या तुझाच अपराधी आहे असं समजत होतो. ती दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तपासणीच्या टेबलावर बसते. भिंग तिने घरी जपून ठेवलं होतं.

आता मुख्य गोष्ट. त्या लेकीला मी खरं लिहिलं.

तुझी वहिनी म्हणाली, "विचार करा. तिने स्वच्छ लिहिलंय, मुद्दाम बदलणारा कारखाना नको. खरं सांगितलंत तर ऑर्डर जाईल आणि नऊ जणांचं काम जाईल. वन्संनी एवढं केलं ते यासाठीच ना?" तिचं म्हणणं खोटं नाही. दोन दिवस मीही हेच घोळवत होतो. नानाला विचारलं. तो म्हणाला, "ताईंच्या नावावर माल पाठवून आपण पगार घ्यायचा, हे मला तरी गिळवणार नाही. पण माझी पोरं मोठी झालीत, मला बोलायला काय जातं. बाकीच्यांना विचारा." बाकीच्यांना विचारलं. त्यांनी तासभर आपसांत कुजबुज केली आणि लिहा म्हणाले. एक जण नाही म्हणाला, त्याला चार महिन्यांची मुलगी आहे. मला त्याचाही राग आला नाही, हे तुला ऐकून बरं वाटेल.

वहिनीने भाषांतर केलं. "बहिणीने वाचण्यात चूक केली नव्हती. स्क्रू मी फिरवले, कुणाला न सांगता, मुद्दाम." यातला "मुद्दाम" हा शब्द ठेवायचा का असं तिने दोनदा विचारलं. ठेवला.

पत्र जाऊन आठ दिवस झाले. उत्तर नाही. तुम्ही दोघी मिळून माझी परीक्षा बघताय.

दादा

८ मे

चिंगे,

उत्तर आलं. म्हणजे तिचं. तुझं नाहीच.

बाराशेच्या तीनशे केल्या. लिहिते, "वडील असते तर हे पत्रसुद्धा आलं नसतं. मी पाठवते आहे, कारण न विचारता कुणी अशी गोष्ट सांगितल्याचं मी धंद्यात अजून पाहिलं नव्हतं." पुढे दोन अटी. जो तपासेल त्याची सही कागदावर हवी आणि ती मालकाची नको. पेट्या बंद झाल्यावर मालकाने त्या उघडायच्या नाहीत. बाईने मला बघितलेलं नाही, पण ओळखलंय बरोबर.

या वेळी मी एक नवीन गोष्ट केली. तिला विचारलं की पातं खाली पडायला हवं ते कशासाठी. इतक्या वर्षांत हे विचारावं असं मला सुचलंच नव्हतं. तिने लिहिलं की त्यांच्या शिवणशाळेत बायका दिवसभर कापतात. कडक कात्री दर वेळी अंगठ्याने ढकलून उघडावी लागते, संध्याकाळपर्यंत अंगठा सुजतो. आपला शिंपी कापतो तासभर, मग मशीनवर बसतो. त्याला काय फरक पडतो? मी घरातल्या जुन्या चादरी घेतल्या आणि एक दिवस आपल्या कडक कात्रीने चिंध्या करत बसलो. आई म्हणाली, "वेड लागलं याला." संध्याकाळी भाकरी मोडताना अंगठा ठणकत होता. दुसऱ्या दिवशी सैल कात्रीने तेवढंच कापलं, काही झालं नाही. एवढी साधी गोष्ट, आणि मी बाबांच्या म्हणी सांगत फिरत होतो.

तीनशे झाल्या. भिंगवालीने अठरा बाजूला काढल्या. त्यातल्या चौदांना मी स्वतः धार लावली होती, नानाला मदत म्हणून. मी म्हणालो, "यात काय खोट आहे?" ती म्हणाली, "टोकाला कापड चावतंय." ओलं मलमल घेऊन टोकाने कापून दाखवलं, आणि खरंच चावत होतं. नाना तिकडे तोंड करून हसत होता, मला त्याची पाठ हलताना दिसली. अठराच्या अठरा पुन्हा केल्या.

पेट्या बंद व्हायच्या दिवशी मी घरीच थांबलो. आईचा पंखा दुरुस्त केला, नळाचा वायसर बदलला, मग बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ उघडलं. दुपारी वहिनी म्हणाली, "आता घरात सुटं करायला काही उरलं नाही, जरा पडा." गाडी चार वाजता गेली. नानाने निरोप पाठवला, "गेली." मी पेट्यांना हात लावला नाही. हे तुला लिहिण्यासारखं आहे की नाही माहीत नाही, पण मला तो दिवस फार लांब वाटला.

माल दोन आठवड्यांत पोचेल. तू उत्तर दे किंवा नको देऊ, मी लिहीत राहीन. आई आता रोज विचारते आणि मला खोटं सांगायचा कंटाळा आलाय.

दादा

३० मे

चिंगे,

तुझं पत्र मिळालं. अकरा पानं, हाताने लिहिलेली, दोन्ही बाजूंनी. पहिल्या पानावर "महोदय" नाही, काहीच नाही, एकदम शिव्याच सुरू. मी ते उभ्याने वाचलं. तुझी वहिनी म्हणाली बसा तरी, पण बसून वाचण्यासारखं नव्हतं. चिंगे, सहा वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

सगळं मान्य आहे. हट्टी, मान्य. हेकट, तेच ते, पण मान्य. "बाबांच्या शिक्क्यामागे लपणारा", हे लागलं, पण मान्य. सातव्या पानावर मात्र तू चुकलीस. मी अर्धा फेरा दिला असं तू लिहिलंस. अर्धा दिला असता तर कात्री उघडलीच नसती. पावच दिला होता. एवढी दुरुस्ती कर.

तक्रारीसोबत त्यांनी एक कात्री टपालाने पाठवली होती आणि त्यावरचा दुभंगलेला लाल ठिपका तू पहिल्याच दिवशी पाहिलास, हे वाचून मी पान खाली ठेवलं. म्हणजे मी तुला सगळ्यांसमोर बोलत होतो तेव्हा ती कात्री तुझ्या टेबलाच्या खणात होती. खण उघडून ती माझ्यापुढे टाकली असतीस तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. तू लिहितेस, "टाकली असती तर कारागीर तुला पुन्हा मालक म्हणाले नसते, आणि त्यांना तेव्हा मालक हवा होता." आणि तिकडे स्वतःवर घेतलंस, कारण वाचायला चुकलेली मुलगी माफ होते, माल बदलणारा मालक होत नाही. त्या लेकीनेही हेच लिहिलं होतं. धंदा तुला कळतो, मला फक्त कात्री कळते, आणि आता तीही निम्मीच कळते म्हणायची.

तीनशे पोचल्या. सगळ्या पास. पुढची ऑर्डर नऊशेची आहे. आईला हे सांगितलं, ती म्हणाली, "ते असू दे, चिंगीने अकरा पानांत माझं काय लिहिलंय?" दहाव्या पानावरचं वाचून दाखवलं, तुझ्या खोकल्याचं सोडून. तिने ते पान मागून घेतलं, आता तिच्याकडे आहे.

शेवटच्या पानावर तू लिहितेस की नऊशेच्या तपासणीला दोन दिवस येशील, कामापुरती, पण त्याआधी एका प्रश्नाचं खरं उत्तर हवं. "घर सोडलं त्या दिवशी मी कपड्यांची पेटी घेऊन अंगणात उभी होते. आई रडत होती. वहिनी थांबवत होती. तू दहा पावलांवर कारखान्यात होतास. मी मुद्दाम थांबले. तू बाहेर का आला नाहीस?"

आजवर मी सगळ्यांना सांगत आलो की मला तू निघालेली कळलंच नाही, मी धारेच्या चाकावर होतो, त्या आवाजात काही ऐकू येत नाही. आईलाही हेच सांगितलं. तिचा विश्वास बसला की नाही, तिने कधी कळू दिलं नाही.

खरं सांगतो. मला ऐकू येत होतं. आईचं ऐकू येत होतं, "दादाला भेटून तरी जा" हे वहिनीचं ऐकू आलं, आणि तू काही बोलत नव्हतीस तेही ऐकू येत होतं. दारापर्यंत गेलो होतो. बाहेर आलो असतो तर तुझ्याकडे बघावं लागलं असतं, आणि बघितलं असतं तर सगळं सांगून टाकलं असतं, इतकं ते तोंडाशी आलं होतं. मला भीती वाटली. मी परत फिरलो आणि चाकाचं बटण दाबलं.

चाकावर पातं नव्हतं, चिंगे. नुसतं चाक फिरत होतं आणि मी दोन्ही हात पुढे धरून धार लावत असल्यासारखा उभा होतो, कारण नाना बघत होता. किती वेळ उभा होतो माहीत नाही. शेवटी त्यानेच येऊन बटण बंद केलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मालक, गेल्या ताई."

दादा